हवामानाचा पहिला अंदाज छापणारा माणूस : चुकला तरी शिव्या, बरोबर आला तरी शिव्या

लाँग वीकेंडच्या आधीचा गुरुवार आठवा. तारकर्लीचं बुकिंग झालेलं असतं, गाडी ठरलेली असते, आणि ग्रुपवर कुणीतरी फोनमधल्या हवामानाचा स्क्रीनशॉट टाकतं. काळा ढग आणि खाली विजेची रेघ. दहा मिनिटांत निम्म्या लोकांचा विचार बदलतो. कुणी रद्द करतं, कुणी हॉटेलवाल्याला फोन करून भाव पाडून मागतं. शनिवारी लख्ख ऊन पडलं की तोच हॉटेलवाला हवामान खात्याच्या नावानं बोटं मोडतो.

ही बोटं मोडायची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे. ती ज्या माणसापासून सुरू झाली त्याचं नाव रॉबर्ट फिट्झरॉय. चार्ल्स डार्विनला ज्या बोटीनं जगाची सफर घडवली, त्या बीगल बोटीचा कप्तान एवढीच त्याची ओळख बहुतेकांना असते. पण रोज सकाळी आपण जो अंदाज बघतो, तो लोकांसाठी पेपरात छापायची सुरुवात याच माणसानं केली, आणि त्याची किंमतही त्यानंच मोजली.

फिट्झरॉयचा जन्म ५ जुलै १८०५ चा, इंग्लंडमधल्या सफोक परगण्यातला. घराणं राजा दुसऱ्या चार्ल्सच्या अनौरस मुलापासून चालत आलेलं. आजोबा ड्यूक ऑफ ग्राफ्टन, ते ब्रिटनचे पंतप्रधान होऊन गेलेले. असा पोरगा बाराव्या वर्षी पोर्ट्समथच्या नौदल कॉलेजात गेला आणि पुढं लेफ्टनंटच्या परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क मिळवून बाहेर पडला.

१८२८ मध्ये त्याच्या हाती बीगल आली, पण ती फार वाईट प्रसंगानं. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी थंडी, पाऊस आणि एकटेपणा यांनी आधीचा कप्तान खचला होता आणि त्यानं स्वतःचा जीव घेतला होता. त्याच्या जागी तेवीस वर्षांच्या फिट्झरॉयची नेमणूक झाली.

नंतर काहीच महिन्यांनी, जानेवारी १८२९ मध्ये, उरुग्वेच्या किनाऱ्याजवळ ती घटना घडली. त्या भागात पाम्पेरो नावाचं वादळ येतं, मैदानावरून अचानक सुटणारं. बोटीवर बॅरोमीटर होता आणि त्याचा पारा उतरत होता. फिट्झरॉयला ते दिसत होतं, पण त्यानं वेळेवर शिडं उतरवली नाहीत. वादळ आलं, बोट आडवी व्हायची बाकी राहिली आणि दोन खलाशी गेले. हे दोन जीव आपल्या दुर्लक्षामुळं गेले असंच तो पुढं मानत राहिला. त्याच्या पुढच्या आयुष्याचा धागा इथून सुरू होतो. पारा आधी सांगतो, ऐकणारा ऐकत नाही, आणि मरतो तिसराच.

१८३१ मध्ये बीगल दुसऱ्या सफरीवर निघाली. आधीच्या कप्तानाचं काय झालं हे ठाऊक असल्यानं फिट्झरॉयला गप्पा मारायला बरोबरीचा कुणीतरी सुशिक्षित माणूस हवा होता. मिळाला बावीस वर्षांचा डार्विन. ही पाच वर्षांची सफर सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं तिच्यात शिरत नाही. फक्त दोन गोष्टी. एक, वाऱ्याचा जोर शून्य ते बारा अशा आकड्यात मोजायची ब्यूफोर्टची पट्टी अधिकृतपणे पहिल्यांदा याच सफरीत वापरली गेली. दुसरी, मोजणीचं काम नीट व्हावं म्हणून फिट्झरॉयनं पदरचे पैसे घालून आणखी एक बोट विकत घेतली. नौदलानं ते पैसे द्यायला नकार दिला. बोट विकावी लागली, माणूस इतका खचला की त्यानं राजीनामा लिहिला. सोबत्यांनी समजूत काढली म्हणून सफर पुरी झाली. खिशातून खर्च करायचा, सरकारनं हात वर करायचे, हे त्याच्या बाबतीत पुढंही होत राहिलं.

१८४१ मध्ये तो खासदार झाला. त्याच वर्षी ५ जुलैला, म्हणजे फिट्झरॉयला छत्तीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, थॉमस कूक नावाच्या माणसानं लेस्टरहून लफबराला सुमारे पाचशे लोक एका खास रेल्वेगाडीनं नेले. भाडं एक शिलिंग. आजच्या पॅकेज टूरचा उगम या गाडीत शोधतात. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, पण कूकसारख्यांनी एक नवीन गिऱ्हाईक तयार केलं. आठवडाभर गिरणीत राबणारा, वर्षातून एखाददुसरा दिवस समुद्रावर जाणारा माणूस. त्याच्यासाठी त्या एका दिवसाचं हवामान हीच सगळी सहल होती. पाऊस पडला की शिलिंग बुडाला.

या गिऱ्हाइकाच्या हाती अंदाज द्यायला अजून वीस वर्षं होती. मधल्या काळात फिट्झरॉयला न्यूझीलंडचा गव्हर्नर म्हणून पाठवलं. तिथं गोरे वसाहतवाले आणि माओरी यांच्यात जमिनीवरून रक्तपात झाला होता. फिट्झरॉयनं चौकशी करून चूक गोऱ्यांची आहे असं तोंडावर सांगितलं. तिजोरीत खडखडाट, वसाहतवाले खवळलेले. १८४५ मध्ये त्याला परत बोलावलं. पुढं १८५२ मध्ये बायको गेली. पैसाही बराच संपला होता.

१८५४ मध्ये ब्रिटिश सरकारनं व्यापार खात्यात हवामानाचं एक छोटंसं कार्यालय काढलं आणि ते फिट्झरॉयच्या हवाली केलं. हाताखाली जेमतेम तीन माणसं. काम काय, तर जहाजांच्या नोंदी गोळा करून कुठल्या समुद्रात कधी कुठला वारा असतो याचे तक्ते करायचे, म्हणजे जहाजं लवकर पोचतील आणि व्यापाऱ्यांचा खर्च वाचेल. अंदाज वगैरे देण्याचा प्रश्नच नव्हता. त्याच वर्षी संसदेत एका खासदारानं सुचवलं होतं की काही वर्षांनी लंडनचं हवामान चोवीस तास आधी सांगता येईल. त्यावर सभागृहात हशा पिकला होता.

हसणं साहजिक होतं. तोवर हवामान सांगणारे म्हणजे ज्योतिषी. आपल्याकडं पंचांगात पर्जन्यविचार असतो तशी तिकडं वार्षिक पंचांगं खपायची आणि त्यात वर्षभराच्या पावसापाण्याची भाकितं असायची. फिट्झरॉयला त्या रांगेत बसायचं नव्हतं. त्यानं मच्छीमारांच्या गरीब बंदरांना बॅरोमीटर द्यायला सुरुवात केली. बंदरावर टांगायचा, समुद्रात जाण्यापूर्वी बघायचा.

मग ऑक्टोबर १८५९ उजाडला. रॉयल चार्टर नावाचं जहाज ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नहून लिव्हरपूलला येत होतं. वाफ आणि शिडं दोन्हींवर चालणारं, त्या काळातलं फास्ट जहाज. साठ दिवसांच्या आत ऑस्ट्रेलिया, ही त्याची जाहिरात. लोक त्या वेगासाठीच तिकीट काढायचे. जहाजावर सोन्याच्या खाणीत कमाई करून घरी परतणारी माणसं होती, बायकापोरं होती. घर काही तासांवर आलं होतं. वाटेत होलीहेडच्या बंदरात थांबता आलं असतं, जहाज थांबलं नाही. २५ तारखेच्या रात्री वादळ सुटलं आणि २६ च्या पहाटे वेल्सच्या अँगलसी बेटाच्या खडकांवर जहाजाचे तुकडे झाले. साडेचारशेच्या आसपास माणसं मेली. वाचले ते चाळीसभर, आणि त्यात एकही बाई किंवा मूल नव्हतं. त्या एका वादळात ब्रिटनच्या किनाऱ्यावर १३३ जहाजं बुडाली आणि एकूण ८०० च्या आसपास लोक गेले.

फिट्झरॉयनं त्या दिवसांच्या सगळ्या नोंदी मागवून नकाशे काढले. त्याच्या लक्षात आलं की वादळ काही एका जागी आभाळातून पडलेलं नव्हतं. ते चालत आलं होतं, आणि ते येतंय हे आधीच्या ठिकाणच्या पाऱ्यानं सांगितलं होतं. वादळ ताशी काही मैलांनी चालतं आणि तार क्षणात पोचते. मग तारेनं पुढच्या बंदराला कळवायला काय हरकत आहे?

त्यानं सरकारच्या मागं लागून किनाऱ्यावरची पंधरा ठिकाणं तारेनं जोडून घेतली. रोज सकाळी तिथून हवेचा दाब, तापमान, वारा, ढग यांचे आकडे यायचे. दहाच्या सुमाराला ते लंडनला पोचायचे, तासाभरात हिशेब व्हायचा. फेब्रुवारी १८६१ पासून वादळाचे इशारे सुरू झाले. इशारा गेला की बंदरातल्या उंच खांबावर कॅनव्हासचे काळे शंकू आणि ढोल चढायचे. शंकूचं टोक वर असेल तर उत्तरेकडचा वारा, खाली असेल तर दक्षिणेकडचा. अक्षरओळख नसलेल्या कोळ्यालाही लांबून कळावं अशी सोय.

कोकणातल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की होड्या परत फिरतात, ती पद्धत याच खांबांच्या वंशातली. कोलकात्यात १८६४ च्या भीषण चक्रीवादळानंतर बंदराला इशारे देणं सुरू झालं, पुढं पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांनाही ते मिळू लागले. आज बावटा लागला की मासेमारीबरोबर पर्यटकांच्या बोटीही थांबतात. म्हणजे मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याला जायला मिळणार की नाही, हे ठरवण्यात फिट्झरॉयचाही एक हात आहे.

इथवर सगळं ठीक होतं. वादळाचा इशारा ही जिवाची गोष्ट, तिला कोण नाही म्हणणार? पण फिट्झरॉयच्या डोक्यात आलं की रोजचे आकडे येतातच, तर वादळ नसलेल्या दिवसाचंही सांगू. १ ऑगस्ट १८६१ ला लंडनच्या टाइम्समध्ये पुढच्या हवामानाचा पहिला अंदाज छापून आला. देशाचे उत्तर, पश्चिम, दक्षिण असे भाग, प्रत्येक ठिकाणी कुठला वारा, आणि तिन्हीकडं हवा छान. दोनचार ओळी फक्त. भविष्य किंवा भाकीत हे शब्द त्यानं मुद्दाम टाळले आणि फोरकास्ट हा शब्द रूढ केला. त्याच्या लेखी हे हिशेबानं काढलेलं मत होतं, त्यापेक्षा जास्त काही नाही. ही बारीक रेघ त्याला कळत होती. वाचणाऱ्याला कळली नाही. आजही कळत नाही.

अंदाज तुफान गाजले. एकापाठोपाठ एक पेपर ते छापू लागले. आणि गंमत बघा, जहाजांसाठी काढलेली ही गोष्ट जमिनीवरच्या हौशी लोकांनी उचलली. घोड्यांच्या शर्यतींना जाणारे कपडे कुठले घालायचे आणि पैसे कुठल्या घोड्यावर लावायचे हे अंदाज बघून ठरवू लागले. मैदान ओलं की कोरडं यावर घोडा ठरतो. खुद्द व्हिक्टोरिया राणीनं आइल ऑफ वाइट बेटावरच्या आपल्या राजवाड्याकडं जाण्याआधी समुद्र कसा असेल हे विचारायला फिट्झरॉयच्या घरी माणूस पाठवल्याचं सांगतात. अंदाज बघून प्रवासाचा दिवस ठरवणारी राणी. बाकीच्यांचं काय घेऊन बसलात?

इथंच गोची झाली. वादळाचा इशारा चुकला तर कोळ्याचा एक दिवस बुडतो, पण तो जिवंत राहतो, आणि त्याला ते मान्य असतं. सहलीचा अंदाज चुकला तर भिजलेला माणूस चिडतो. त्याच्या हिशेबात जीव नसतोच, असतो तो शिलिंग. फिट्झरॉयकडं दोनच दिवसांचा अंदाज काढण्याइतकी सामग्री, पंधरावीस ठिकाणांचे आकडे, पश्चिमेला सगळा अटलांटिक रिकामा, आणि ब्रिटनचं हवामान नेमकं त्याच बाजूनं येतं. अंदाज चुकायचेच.

मग थट्टा सुरू झाली. ज्या टाइम्सनं अंदाज छापला त्याच टाइम्सनं चुकांची जबाबदारी झटकून टोमणे मारले. अंदाज छापणं मात्र चालू ठेवलं, कारण लोक ते वाचत होते. संसदेत तारांच्या खर्चावर प्रश्न आले. शास्त्रज्ञ मंडळी म्हणू लागली की यामागं पक्का सिद्धांत नाही, हे विज्ञान नव्हेच. ज्योतिषी वेगळे नाराज, त्यांचा धंदा बसत होता. आणि अंदाज बरोबर येतो म्हणून चिडणारेही होते. बंदरात शंकू चढला की खलाशी बोट बाहेर काढायला तयार होत नसत. बोट उभी राहिली की मालकाचं नुकसान, म्हणून काही मालकांनी कुरकुर केल्याचं सांगितलं जातं. जीव कामगाराचा, नुकसान मालकाचं. असा इशारा सगळ्यांना सारखाच गोड कसा लागेल?

घरच्या आघाडीवरही बरं नव्हतं. व्यापार खात्यातल्या नौदलविषयक मोठ्या जागेसाठी त्याला डावलून बीगलवर त्याच्या हाताखाली काम केलेल्या सलिव्हनला नेमलं गेलं. डार्विनचं उत्क्रांतीवरचं पुस्तक नोव्हेंबर १८५९ मध्ये आलं, म्हणजे रॉयल चार्टर बुडाल्यावर महिन्याभरात. धार्मिक फिट्झरॉयला वाटलं की या पुस्तकाला आपण हातभार लावला. १८६० मध्ये ऑक्सफर्डच्या त्या गाजलेल्या वादाच्या वेळी तो तिथंच होता. आला होता वादळांवरचा निबंध वाचायला, पण सभेत बायबल उंचावून डार्विनविरुद्ध बोलला. वादळांवरचा निबंध कुणाच्या लक्षात राहिला नाही.

१८६३ मध्ये त्यानं हवामानावर जाडजूड पुस्तक लिहून आपली पद्धत समजावली. उपयोग झाला नाही. कान जात चालले होते, तब्येत ढासळली होती, मनावरचं मळभ दाटत होतं. ३० एप्रिल १८६५, रविवारी सकाळी, लंडनजवळच्या घरी त्यानं स्वतःचा जीव घेतला. वय एकोणसाठ. नंतर कळलं की जवळची सगळी पुंजी सरकारी कामांवर खर्च करून झाली होती. बायकोमुलींसाठी वर्गणी काढावी लागली. त्यात डार्विननं शंभर पौंड दिले. राणीनं हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यात राहायला जागा दिली.

त्याच्यामागं चौकशी समिती बसली. अध्यक्ष फ्रान्सिस गाल्टन, तो पुन्हा डार्विनचाच नातेवाईक. समितीनं ठरवलं की अंदाजांना शास्त्रीय पाया नाही. १८६६ मध्ये पेपरातले अंदाज बंद झाले आणि वर्ष संपता संपता वादळाचे इशारेही. तेव्हा बंदरांतून ओरड झाली. कोळी, खलाशी, बंदरावरचे अधिकारी सगळे म्हणू लागले की शंकू परत चढवा. १८६७ मध्ये इशारे परत सुरू करावे लागले. लोकांसाठीचा रोजचा अंदाज पेपरात परत यायला मात्र १८७९ उजाडलं. कुणाला अंदाजाची खरी गरज होती, याचा हिशेब या दोन तारखांतल्या अंतरात आहे.

आता आजचं बघा. तेव्हाचा शिलिंग आता हॉटेलच्या दरात बसलाय. ऑनलाइन बुकिंग करताना एकाच खोलीचे दोन भाव दिसतात. रद्द केलं तर पैसे परत नाहीत, तो भाव स्वस्त. आयत्या वेळी फुकट रद्द करता येतं, तो महाग. या फरकात पावसाचा धोकाही असतो. स्वस्तात घेतलं की तो धोका तुमचा, महाग घेतलं की हॉटेलचा. अंदाज चांगला असला की शेवटच्या दोन दिवसांत गर्दी वाढते आणि उरलेल्या खोल्यांचे भाव चढतात. खराब असला की रिकामी खोली ठेवण्यापेक्षा कमी पैसे बरे म्हणून भाव उतरतात. लोणावळ्यात नेमकं उलट, तिथं पाऊस आला की गर्दी. अंदाज तोच, पण गिऱ्हाइकाला काय हवंय यावर भाव ठरतो.

तक्रारही तीच राहिली आहे. ब्रिटनमधल्या बोर्नमथसारख्या समुद्रकाठच्या गावांनी अलीकडच्या काळात आरडाओरडा केला की सुट्टीच्या दिवशी वादळी पावसाचा अंदाज दिला, प्रत्यक्षात ऊन पडलं, आणि तोवर पर्यटक घरी बसले होते. त्यांच्याकडच्या पर्यटन व्यावसायिकांचा दुसरा मुद्दा मला जास्त पटतो. फोनवर अख्ख्या दिवसाला एकच चित्र दिसतं. पहाटे दहा मिनिटं सर येणार असेल तरी चित्र पावसाचं, आणि घरच्यांनी बेत रद्द केलेला असतो. तेव्हा चित्रावर टिचकी मारून तासांप्रमाणे अंदाज बघा आणि पावसाची टक्केवारी किती आहे तेही बघा. तीस टक्के म्हणजे सर न येण्याचीच शक्यता जास्त. फिट्झरॉयकडं ही टक्केवारी नव्हती, त्याला दोनचार ओळीतच सगळं सांगावं लागायचं. पण लाल रंगाचा इशारा असेल, बंदरावर बावटा असेल, तर तिथं टक्केवारीचा हिशेब मांडायचा नाही. बुकिंगचे पैसे गेले तर जाऊ द्यायचे.

ब्रिटनच्या हवामान खात्याचं मुख्यालय आज एक्सेटरला फिट्झरॉय रोडवर आहे. जहाजांसाठी रेडिओवर जो हवामानाचा अंदाज सांगतात, त्यातल्या फिनिस्टेर नावाच्या समुद्राच्या भागाला २००२ पासून फिट्झरॉय म्हणतात.

आणि अर्जेंटिनातल्या पॅटागोनियात त्याच्या नावाचा एक डोंगर आहे. ग्रॅनाइटचा सरळसोट सुळका, जगभरच्या गिर्यारोहकांचं आणि ट्रेकर्सचं आवडतं ठिकाण. तिथल्या मूळ लोकांचं त्याचं नाव चाल्तेन, म्हणजे धुराचा डोंगर, कारण शिखर बहुतेक वेळा ढगातच असतं. पायथ्याच्या एल चाल्तेन गावात मोसमात हॉटेलं भरलेली असतात, आणि जेवणाच्या टेबलावर लोक फोनमध्ये वाऱ्याचा अंदाज बघत बसलेले असतात, की उद्या फिट्झरॉय दिसेल का.